दुभाष्याने केलेला ‘ध’चा ‘मा’



‘ध’चा ‘मा’ करणं हा वाक्प्रचार मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. गारद्यांना दिलेल्या हुकमात ‘धरावे’ असं होतं, त्याचं कोणी तरी ‘मारावे’ केलं, अशी आख्यायिका तेव्हापासून चालत आली आहे. इतिहासकार ती मानोत वा न मानोत, एका अक्षरानं केवढा अनर्थ होतो हे सांगायला तिच्याइतकं सोपं उदाहरण नाही. म्हणून जनुकातल्या बदलांबद्दल, म्हणजे उत्परिवर्तनांबद्दल बोलताना आम्ही शिक्षक मंडळी हटकून तिचा आधार घेतो.

आज मात्र मला याच गोष्टीची दुसरी बाजू सांगायची आहे. समजा, हुकमातलं अक्षर कोणी बदललंच नाही. कागदावर स्वच्छ ‘धरावे’ लिहिलेलं आहे. पण तो वाचून दाखवणारा कारकूनच ‘ध’ला ‘मा’ म्हणतो. मग काय होईल? एक हुकूम बदलला तर एकाच ठिकाणी घात होतो. वाचणारा बिघडला तर त्याच्या हाती पडणाऱ्या प्रत्येक कागदात ‘ध’चा ‘मा’ होणार. एखाद्या दिवसात राज्य बुडायला हवं.

जीवाणूच्या इवल्याशा पेशीत असे वाचणारे असतात. त्यांच्यात असे बिघाड होतात. आणि गंमत अशी, की राज्य दर वेळी बुडत नाही. कधी ते जेमतेम रखडत चालतं, कधी त्याला काहीच जाणवत नाही, आणि कधी तर त्या बिघाडामुळेच ते तगून जातं. असं का होतं, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

आपल्या आतड्यात राहणारा एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू घेऊ. नाव लांबलचक, म्हणून सगळे त्याला ई. कोलाय म्हणतात. लांबी मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढी. पण भरपूर अन्न आणि ३७ अंश सेल्सिअसची ऊब मिळाली, की वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. या वीस मिनिटांत त्याला आपल्या अंगातलं सगळं सामान दुप्पट करावं लागतं. पाणी वगळलं, तर त्या सामानाचा निम्म्याहून अधिक भाग प्रथिनांचाच असतो. म्हणजे जीवाणूची वाढ हा मुख्यतः प्रथिनं किती झटपट बनतात याचाच हिशेब आहे.

प्रथिनं बनतात कशी? डीएनएमधल्या जनुकाची एक नक्कल निघते. तिला मेसेंजर आरएनए म्हणतात. आपण तिला निरोप म्हणू. निरोपाच्या लिपीत चारच अक्षरं : ए, यू, जी आणि सी. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, त्याला कोडॉन म्हणायचं. चार अक्षरांपासून असे ६४ शब्द होतात. त्यांतले ६१ शब्द निरनिराळ्या अमिनो आम्लांची नावं सांगतात आणि उरलेले तीन पूर्णविरामाचं काम करतात. पूर्णविराम आला की प्रथिनाची साखळी संपली. रायबोसोम नावाच्या यंत्रात हा निरोप सरकत जातो आणि एकेक अमिनो आम्ल साखळीला जोडलं जातं. वेग म्हणाल, तर एका सेकंदाला वीसपर्यंत. जोमानं वाढणाऱ्या एका पेशीत अशी हजारो यंत्रं एकाच वेळी चालू असतात.

पण इथे एक अडचण आहे. निरोपाची भाषा अक्षरांची आणि प्रथिनाची भाषा अमिनो आम्लांची. दोघांची तोंडओळखसुद्धा नाही. मग अमुक शब्दाला अमुक अमिनो आम्ल, हे ठरवतं कोण? फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ साली आपल्या मित्रमंडळींत फिरवलेल्या एका टिपणात केवळ तर्कानं सांगितलं, की दोन्ही भाषा जाणणारा एखादा मध्यस्थ रेणू पेशीत असलाच पाहिजे. तोवर असा रेणू कोणी पाहिलेला नव्हता. थोड्याच वर्षांत अमेरिकेत बोस्टनला पॉल झॅमेक्निक आणि मॅलन होगलंड यांच्या हाती तो लागला. त्याचं नाव ट्रान्स्फर आरएनए, सुटसुटीतपणे टी-आरएनए. हाच आपला दुभाष्या.

हा दुभाष्या आहे साधारण पाऊणशे अक्षरांचा. त्याची साखळी दुमडून इंग्रजी एल अक्षरासारखा आकार घेते. एका टोकाला तीन अक्षरांचा अँटिकोडॉन असतो, तो निरोपातल्या कोडॉनशी जुळतो. दुसऱ्या टोकाला अमिनो आम्ल लटकवलेलं असतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट होली यांनी १९६५ साली अशा एका टी-आरएनएतली सगळी अक्षरं क्रमानं वाचून दाखवली. त्यांनी वापरला होता पाव फुगवायचा यीस्ट, आणि शुद्ध टी-आरएनए मिळाला एक ग्रॅम. त्यासाठी १४० किलो यीस्ट लागला! १९६८ साली होली, मार्शल निरेनबर्ग आणि आपले हरगोविंद खोराना या तिघांना नोबेल पारितोषिक मिळालं. खोराना यांचा जन्म मुलतान जिल्ह्यातल्या रायपूर या खेड्यातला. त्यांच्याकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

आता दुभाष्या बिघडतो म्हणजे काय होतं ते पाहू.

जीवाणूंनाही विषाणू ग्रासतात. १९६०च्या सुमारास या विषाणूंचे काही चमत्कारिक उत्परिवर्ती प्रकार अमेरिकेत सापडले. त्यांना नाव मिळालं अँबर. अँबर म्हणजे तृणमणी. हॅरिस बर्नस्टाइन नावाचा एक विद्यार्थी त्या कामात मदतीला होता, आणि त्याच्या आडनावाचा जर्मन भाषेतला अर्थ तृणमणी, म्हणून हे नाव, असा किस्सा सांगतात. हे अँबर विषाणू ई. कोलायच्या काही जातींत वाढत नसत, पण काही जातींत मजेत वाढत. पुढे उलगडा झाला, तो असा : या विषाणूच्या जनुकात मध्येच यूएजी हा शब्द तयार झाला होता. यूएजी हा पूर्णविराम. वाक्य अर्ध्यावर तुटलं, प्रथिन अपुरं राहिलं, विषाणू मेला. हे समजण्यासारखं आहे. पण मग दुसऱ्या जातीच्या जीवाणूत तोच विषाणू जगतो कसा? तिथे काय पूर्णविराम दिसत नाही?

उत्तर १९६८ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजहून आलं. हॉवर्ड गुडमन, जॉन अ‍ॅबेलसन, सिडनी ब्रेनर, जॉन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दुसऱ्या जातीच्या जीवाणूतला एक टी-आरएनए वेगळा काढला. टायरोसिन हे अमिनो आम्ल वाहणारा हा टी-आरएनए. त्याच्या अँटिकोडॉनमध्ये फक्त एक अक्षर बदललेलं निघालं : जीच्या जागी सी. तेवढ्यानं तो आपलं नेहमीचं कोडॉन सोडून यूएजीशी जुळायला लागला. बाकीचे वाचक जिथे पूर्णविराम म्हणून थांबत, तिथे हा गडी ‘टायरोसिन’ म्हणून पुढे चालू लागायचा. विषाणूच्या जनुकातली चूक दुभाष्याच्या चुकीनं झाकली गेली. काट्यानं काटा निघाला. अशा टी-आरएनएला सप्रेसर, म्हणजे चूक दडपणारा, असं म्हणतात.

आता तुम्ही लगेच विचाराल, आणि विचारायलाच हवं, की विषाणूचं ठीक आहे, पण खुद्द जीवाणूचं काय? त्याच्या स्वतःच्या जनुकांतही यूएजी हे पूर्णविराम असतीलच. हा दुभाष्या तेही ओलांडून जाणार. शिवाय त्यानं आपलं नेहमीचं काम सोडलं, ते कोण करणार?

दोन्ही शंकांची उत्तरं मोठी बोधप्रद आहेत. दुसरी शंका आधी घेऊ. ई. कोलायमध्ये टायरोसिनच्या टी-आरएनएची जनुकं एकाहून अधिक आहेत. एक बिघडलं तरी दुसरं नेहमीचं काम सांभाळतं. एकूणच या जीवाणूत टी-आरएनएचे सुमारे चाळीस प्रकार, पण त्यांची जनुकं ऐंशीहून अधिक. घरात जास्तीची माणसं असली, की एखाद्यानं वेगळी वाट धरलेली घराला परवडते. माणूस एकटाच कर्ता असेल, तर परवडत नाही.

आता पहिली शंका. ई. कोलायच्या चार हजारांहून अधिक जनुकांपैकी ज्यांच्या शेवटी यूएजी आहे, अशी जनुकं जेमतेम सव्वातीनशे. तीन पूर्णविरामांतला सर्वांत कमी वापरला जाणारा तो हाच. शिवाय पूर्णविराम ओळखून साखळी सोडवणारी खास प्रथिनं पेशीत असतात. ती आणि आपला सप्रेसर यांच्यात प्रत्येक यूएजीवर चढाओढ होते. कधी हा जिंकतो, कधी ती. त्यामुळे विषाणूला हवं तेवढं पूर्ण प्रथिन मिळतं आणि जीवाणूच्या बऱ्याचशा साखळ्याही योग्य जागी संपतात.

हे स्पष्टीकरण खरं असेल, तर जास्त वापरातला पूर्णविराम ओलांडणारा दुभाष्या जीवाणूला जड जायला हवा. नेमकं तसंच आढळतं. यूएए या पूर्णविरामाला ऑकर, म्हणजे गेरू, असं नाव आहे. एकाला तृणमणी म्हटलं, मग दुसऱ्याला गेरू! ई. कोलायची निम्म्याहून अधिक जनुकं या यूएएनं संपतात. ऑकर ओलांडणारे सप्रेसर सापडतात, पण ते बहुधा दुबळे असतात, आणि जे त्यातल्या त्यात जोरकस असतात त्यांच्यापायी जीवाणूची वाढ मंदावते. जोरदार अँबर सप्रेसर मात्र जीवाणू सहज बाळगतो. अक्षर एकच बदललेलं, दुभाष्याची चूकही एकाच जातीची, पण एकीकडे ती खपून जाते आणि दुसरीकडे महागात पडते. कोणता शब्द किती वेळा वापरात येतो, त्यावर चुकीची किंमत ठरते.

खोराना यांनी या अँबर सप्रेसरचाच उपयोग एका अपूर्व प्रयोगासाठी केला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या बिघडलेल्या टायरोसिन टी-आरएनएचं जनुक रसायनांपासून, एकेक कडी जोडत, तयार केलं. जनुक चालू-बंद करणारे आजूबाजूचे भाग धरून त्यात अक्षरांच्या २०७ जोड्या होत्या. प्रश्न होता, की हे हातानं घडवलेलं जनुक जिवंत पेशीत काम करतं का? त्याची परीक्षा सोपी होती. ते जीवाणूत गेल्यावर अँबर विषाणू तिथे वाढला, तर दुभाष्या कामाला लागला. विषाणू वाढला. १९७६ साली हे जाहीर झालं, तेव्हा माणसानं संपूर्णपणे प्रयोगशाळेत बनवलेलं जनुक जिवंत पेशीत कामाला लागल्याचं जगानं प्रथमच पाहिलं. चूक करणारा दुभाष्या निवडला होता तो मुद्दाम; नीट काम करणारा निवडला असता, तर तो आपला की जीवाणूचा हे ओळखता आलं नसतं.

यानंतर नाना तऱ्हेचे बिघडलेले दुभाष्ये सापडले. १९७३ साली रिडल आणि कार्बन यांनी साल्मोनेला या जीवाणूत एक टी-आरएनए दाखवला. त्याच्या अँटिकोडॉनमध्ये एक अक्षर जास्तीचं होतं, आणि तो तीनऐवजी चार अक्षरं एका दमात वाचत असे. १९९० साली उमेश वार्ष्णेय आणि उत्तम राजभंडारी यांनी तर, प्रथिनाची सुरुवात करून देणारा जो खास टी-आरएनए असतो, त्याचा अँटिकोडॉन बदलला आणि चक्क पूर्णविरामापासून वाक्य सुरू करून दाखवलं.

पण मला विचाराल, तर या सगळ्यांत विचार करायला लावणारा दुभाष्या डेव्हिड हर्श यांचा. १९७१ साली त्यांनी वर्णन केलेला हा टी-आरएनए ट्रिप्टोफॅन वाहून नेतो आणि यूजीए हा पूर्णविराम ओलांडतो. साहजिकच वाटलं, की याचाही अँटिकोडॉन बदलला असणार. पाहतात तो अँटिकोडॉन जसाच्या तसा! बदल होता २४व्या अक्षरात, वाचण्याच्या जागेपासून दूर, एल आकाराच्या कोपराकडच्या भागात. म्हणजे डोळे शाबूत, पण कोपर बदललं म्हणून माणूस चुकीचं वाचतो! हे कोडं पुढे पुष्कळ वर्षं लोकांना छळत राहिलं.

ते सुटायला रायबोसोमची अणूंच्या पातळीवरची चित्रं मिळावी लागली. वेंकटरामन रामकृष्णन यांना २००९ साली नोबेल मिळालं, ते याच कामासाठी. चिदंबरममध्ये जन्मलेले आणि बडोद्यात शिकलेले हे शास्त्रज्ञ. त्यांच्या गटानं २०११ साली या हर्श सप्रेसरची चित्रं मिळवली. त्यांतून दिसलं ते असं. टी-आरएनए रायबोसोममध्ये शिरतो तेव्हा त्याला ताठ राहून चालत नाही. अंगात पीळ घेऊन वाकावं लागतं. वाकायला ऊर्जा लागते. कोडॉन आणि अँटिकोडॉन अगदी तंतोतंत जुळले, तरच ती ऊर्जा मिळते. जुळणी जरा कमी पडली तर टी-आरएनए वाकू शकत नाही आणि बाहेर फेकला जातो. दारावर बसवलेली कडक स्प्रिंगच म्हणा ना. योग्य माणसाच्या जोरानं दार उघडतं, अयोग्याच्या जोरानं उघडत नाही. हर्श सप्रेसरमध्ये २४वं अक्षर बदलल्यामुळे वाकलेला आकार टिकणं सोपं झालं होतं. जणू स्प्रिंग सैल झाली. मग अर्धवट जुळलेला शब्दही आत शिरायला पुरतो.

यातून एक मोठी गोष्ट कळली. बिनचूकपणा केवळ अक्षरं जुळण्यात नाही. तो दार जड ठेवण्यात आहे. आणि दार जड ठेवलं, की प्रत्येकाला आत यायला वेळ आणि शक्ती खर्च करावी लागते. जॉन हॉपफिल्ड यांनी १९७४ सालीच गणितानं दाखवून दिलं होतं, की पेशी जेवढी अचूकता हवी असेल, तेवढी जास्तीची ऊर्जा मोजून ती विकत घेते. हॉपफिल्ड यांना २०२४ सालचं पदार्थविज्ञानाचं नोबेल मिळालं ते दुसऱ्या कामासाठी, पण जीवशास्त्रात त्यांचं नाव या हिशेबासाठी घेतलं जातं.

वर्गात या टप्प्यावर एखादा विद्यार्थी विचारतोच : “सर, मग जीवाणूनं दार आणखी जड का केलं नाही? एकही चूक होऊ दिली नसती!” प्रश्न चांगला आहे. ई. कोलायच्या नेहमीच्या कामात दर हजार ते दहा हजार अमिनो आम्लांमागे एखादं चुकीचं लागतंच. डीएनएची नक्कल करताना होणाऱ्या चुकांशी तुलना केली तर हा ढिसाळपणाच. पण याहून कडक रायबोसोम असलेले जीवाणू आपल्याला माहीत आहेत. क्षयावरचं जुनं औषध स्ट्रेप्टोमायसिन तुम्हाला ठाऊक असेल. ते रायबोसोमला चिकटतं आणि वाचनात चुका करायला लावतं, असं १९६४ साली दिसून आलं. या औषधाला दाद न देणाऱ्या काही जीवाणूंचे रायबोसोम मुळातच अतिकाटेकोर असतात. चुका फार कमी. पण असे जीवाणू वाढतातही हळू. प्रत्येक दुभाष्याची कसून झडती घ्यायची म्हटल्यावर रांग लांबणारच. भरपूर अन्न असलेल्या जागी शेजारी दोनाचे चार करत असताना आपण अचूकतेचं कौतुक करत बसलो, तर जागाच उरणार नाही. म्हणून थोड्या चुका सोसून वेगानं वाढणं, हा निसर्गानं काढलेला मधला मार्ग आहे.

मधला मार्ग म्हटला की तो परिस्थितीप्रमाणे बदलणार. याचा सुंदर पुरावा आपल्याच देशातून, बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून आला. प्रथिनाची सुरुवात करून देणाऱ्या टी-आरएनएची ई. कोलायमध्ये चार जनुकं आहेत. त्यांतलं एक काढून टाकलं तरी जीवाणूला काही होत नाही असं दिसतं. मग चार हवीत कशाला? लास्या संहिता, विद्यानंद नंजुंडय्या आणि उमेश वार्ष्णेय यांनी कमी-अधिक जनुकं असलेले जीवाणू एकाच भांड्यात वाढवून त्यांची शर्यत लावली. २०१४ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : अन्न मुबलक असेल तर चार जनुकांवाले जिंकतात, अन्न तुटपुंजं असेल तर कमी जनुकांवाले. लग्नाच्या मोसमात आचाऱ्याला चार मदतनीस लागतात. एरवी तेच चार पगारापुरते जड होतात, त्यातलाच हा प्रकार.

एखादा दुभाष्या पुरता नाहीसा केला तर? जर्मनीत प्लॉन इथल्या माक्स प्लांक संस्थेत जेना गॅली यांच्या गटानं स्यूडोमोनास या जीवाणूतून सेरिनचा एक टी-आरएनए काढून टाकला. वाढ मंदावली. मग त्यांनी त्या जीवाणूंना पिढ्यान्‌पिढ्या वाढू दिलं. थोड्याच दिवसांत काहींनी वेग परत मिळवला. कसा? त्यांच्या गुणसूत्राचा एक भलामोठा तुकडा दुप्पट झाला होता, आणि त्या तुकड्यावर सेरिनच्याच दुसऱ्या टी-आरएनएचं जनुक होतं. गेलेल्याचं काम शेजाऱ्यानं उचललं, फक्त त्यासाठी शेजारी एकाचे दोन झाले. २०२० साली हे प्रसिद्ध झालं.

इथवर ऐकून कोणी म्हणेल, जीवाणूंच्या घरच्या या गोष्टी. आपल्याला त्यांचं काय? आहे. फार जवळचं आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव रुग्ण एकट्या भारतात आहेत. क्षयाच्या जीवाणूची एक सवय अशी, की ग्लुटामिन या अमिनो आम्लाच्या टी-आरएनएवर तो आधी मुद्दाम चुकीचं, म्हणजे ग्लुटामिक आम्ल, चढवतो आणि मग एका विकराच्या मदतीनं ते जागच्या जागी दुरुस्त करतो. दुरुस्ती करणारा विकर कुचराई करू लागला, की दुभाष्या चुकीचा माल घेऊनच रायबोसोमकडे पोहोचतो. बाबक जाविद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवलं, की क्षयाच्या जीवाणूच्या कुळात अशा चुका वाढल्या, तर रिफॅम्पिसिन या मुख्य औषधातून वाचणाऱ्या पेशींची संख्या वाढते. रिफॅम्पिसिन ज्या प्रथिनाला पकडतं, त्याच्या काही प्रतीच चुकीच्या बनतात आणि औषधाच्या तावडीतून निसटतात. ध्यानात घ्या, इथे जनुक बदललेलं नाही. हुकूम तोच आहे. फक्त काही ठिकाणी तो चुकीचा वाचला गेला आणि ते वाचले. रुग्णांकडून मिळालेल्या काही जीवाणूंत या दुरुस्ती करणाऱ्या विकराचीच जनुकं बदललेली आढळली आहेत.

मग चुका कमी करणारं काही सापडलं तर? कासुगामायसिन हे नाव आपल्या भात पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या कानावरून गेलेलं असेल. करपा रोगावर ते फवारतात. याच गटानं २०१८ साली दाखवलं, की ते क्षयाच्या जीवाणूतल्या या चुका कमी करतं आणि रिफॅम्पिसिनचा मारा अधिक परिणामकारक होतो. हा प्रयोगशाळेतला निष्कर्ष आहे. ते माणसांसाठी क्षयाचं औषध झालेलं नाही. पण ‘जीवाणूला अधिक अचूक करून मारायचं’ ही कल्पनाच किती उफराटी आणि किती उपयोगी आहे, पाहा.

आणि शेवटी, ज्या अँबर सप्रेसरपासून सुरुवात झाली, तो माणसाच्या दारात येऊन उभा आहे. माणसाच्या आनुवंशिक रोगांतही जनुकाच्या मध्येच पूर्णविराम पडल्याची उदाहरणं पुष्कळ आहेत. थॅलसेमियाचा एक प्रकार असाच. १९८२ साली माणसाच्या लायसिन टी-आरएनएचा अँटिकोडॉन बदलून थॅलसेमियातला हा चुकीचा यूएजी ओलांडता येतो, हे दाखवण्यात आलं. पुढे २०२२ साली उंदरांमध्ये एका आनुवंशिक रोगावर सप्रेसर टी-आरएनएचा उपचार गुण देतो, असं प्रसिद्ध झालं. पण प्रत्येक टप्प्यावर शास्त्रज्ञांपुढे तोच प्रश्न उभा राहतो, जो मघाशी आपण जीवाणूबद्दल विचारला : हा दुभाष्या रोगातला पूर्णविराम ओलांडेल, मग निरोगी जनुकांचे पूर्णविराम ओलांडणार नाही ना? किती ओलांडेल? तेवढं शरीराला परवडेल का?

या प्रश्नाला एका शब्दाचं उत्तर नाही, हेच जीवाणूंनी आपल्याला साठ वर्षांत शिकवलं आहे. दुभाष्याची चूक बरी की वाईट, हे त्या चुकीकडे एकटं पाहून ठरत नाही. तो शब्द किती वेळा येतो, जोडीला दुसरे किती दुभाष्ये आहेत, दार किती जड आहे, घरात अन्न किती आहे आणि बाहेर शत्रू कोण आहे, हे सगळं विचारावं लागतं. परीक्षानळीत ढगाळलेलं पाणी पाहून जीवाणू किती वाढले याची नोंद करणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वहीत या प्रश्नांची उत्तरं आकड्यांच्या रूपानं दररोज उतरत असतात. उद्या एखाद्या थॅलसेमियाच्या रुग्णाला अशा टी-आरएनएची मात्रा द्यायची वेळ येईल, तेव्हा ती किती द्यायची, हे ठरवण्याची रीत त्या वहीतूनच आलेली असेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)